निरोप पोचत नाही

"दारूचा वास कधीच आला नाही, डॉक्टर. मी बघितलंय," लेक म्हणाला आणि आपण काय बोलून गेलो ते ध्यानात येऊन आईकडे बघायचं टाळू लागला.

त्याची आई, शाळेतल्या बाई, शेजारच्या खुर्चीत हनुवटीखाली मूठ टेकवून बसल्या होत्या. मूठ काढली की जबडा आपसूक खाली यायचा. पहिलीच्या वर्गाला सकाळी त्या खणखणीत आवाजात पाढे म्हणून दाखवत. दुपार कलली की जीभ जड व्हायची, शब्द नाकातून अडखळत यायचे, डावी पापणी अर्ध्यावर उतरायची. संध्याकाळी तर त्यांच्यात काही उरतच नसे. पालकांमध्ये कुजबुज झाली. मुख्याध्यापिकांनी रजेवर जायला सांगितलं, तेही कारण न विचारता. त्या न विचारण्यातच सगळं आलं.

डॉक्टरांनी बाईंच्या दंडात इंजेक्शन दिलं आणि रक्ताचा रिपोर्ट लेकापुढे सरकवला.

"स्नायूंच्या पेशींवर एक प्रथिन असतं, रिसेप्टर म्हणतात त्याला. मज्जातंतूचा निरोप ते झेलतं, मग स्नायू हलतो. रोगांशी लढणारी यांची प्रतिकारशक्ती त्या रिसेप्टरलाच शत्रू समजून बसलीय. निरोप येतो, पण घेणारे थोडेच उरलेत. सकाळी तेवढ्यावर भागतं. मग वापरून वापरून स्नायू थकतात."

"म्हणजे आपलेच आपल्यावर उठले."

"तसंच काहीसं. गोळ्यांनी ताब्यात राहील, पण जन्मभर सांभाळावं लागेल."

बाई ऐकत होत्या. आजवर ज्याने त्याने त्यांना 'जरा आराम करा' एवढंच सांगितलं होतं. आपल्या थकव्याला खरं कारण आहे हे कळून हायसं वाटायला हवं होतं. पण तेवढंही त्राण नव्हतं.

थोड्या वेळाने डावी पापणी हळूहळू वर गेली. बाईंनी मूठ काढून पाहिली. जबडा जागच्या जागी राहिला.

"आता बोलून बघा," डॉक्टर म्हणाल्या. "काहीही बोला. दोन-तीन तासांत इंजेक्शनचा असर उतरेल, मग गोळ्या आहेतच."

"बोल ना, आई," लेक पुढे झुकला.

खूप जणांना खूप काही सुनावायचं होतं. मुख्याध्यापिकांना, आणि बाईंना पाहून रस्ता ओलांडणाऱ्या शेजारणीलाही. पण एवढ्या जणांशी भांडायची ताकद इंजेक्शनात नव्हती. बाईंनी लेकाकडे पाहिलं.

"माझं सगळं कपाट उपसलंस," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला, स्वच्छ होता. "गाद्यांखाली पाहिलंस. बाटली नव्हतीच, ती कुठून मिळणार? निदान कपड्यांच्या घड्या तरी नीट घालून ठेवायच्यास."

डॉक्टर गोळ्यांची नावं लिहीत राहिल्या, लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.

लेकाने मान खाली घातली. म्हणाला, "तुला कळलं होतं?"

"दारातच उभी होते."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

बाईंनी जरा विचार केला.

"संध्याकाळ होती," त्या म्हणाल्या.