आमच्या वार्ताहराकडून

कुरुंद्याजवळच्या एका महाविद्यालयातल्या मुलांचे बातम्यांचे संकेतस्थळ गावातल्या साध्या फोनवर उघडतच नसे. आजच्या उद्घाटनाच्या समारंभात ते उघडले नाही, तर कायमचे बंद, असे प्राचार्यांनी आधीच बजावले होते. म्हणून संपादक शिवकन्येने चार महिने खपून ते नव्याने रचले होते.

जुन्या प्रत्येक बातमीवर नुसते 'आमच्या वार्ताहराकडून' असे. नव्या रचनेत तिने लिहिणाऱ्याच्या नावासाठी जागा ठेवली. त्या तीनशे रिकाम्या जागा आज सकाळी भरलेल्या दिसल्या. सगळीकडे एकच नाव होते, मोहिनी नामाजी.

"पुनम, ही कोण गं?" तिने बातम्या लिहिणाऱ्या मैत्रिणीला विचारले.

"आपल्यात न्हाई बाई अशी कुणी. तूच भरलं असशील झोपंत!"

शोध घ्यायला वेळ नव्हता. शेवटचा बाक सोडला तर वर्ग गच्च भरला होता. प्राचार्यांनी आपल्या जुन्या फोनवर बोट टेकवले आणि पान क्षणात उघडले.

"बराबर उघडलं की, पोरी!" ते लेकरासारखे हसले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिवकन्येचे डोळे भरून आले. संकेतस्थळ बंद होण्यापासून वाचले होते.

तिने तो फोन हातात घेतला. पहिलीच बातमी या समारंभाची होती; वेळ मात्र सकाळी सातची, समारंभाच्या कितीतरी आधीची; नाव मोहिनी नामाजी. प्राचार्यांचे ते हसणेसुद्धा तीत होते. शेवटी लिहिले होते, 'सर्वांच्या टाळ्या थांबल्या, तरी मागच्या रिकाम्या बाकावरून, अखेर नाव मिळालेल्या वार्ताहराची एक टाळी आनंदाने वाजतच राहिली.'

हळूहळू वर्गातल्या टाळ्या थांबल्या. मागची एक मात्र आणखी जोरात वाजू लागली.