शेवटचा ठोका हळू

लातूरच्या सभागृहात शेवटचं गाणं संपत आलं, तसे सगळ्यांचे हात खुर्च्यांच्या दांड्यांवर गेले.

"शेवटचा हळू बरं का!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

त्या विलायती रॉक अल्बमला पन्नास वर्षं झाली होती. नांदेड-लातूरकडं त्याला 'लाल कॅसेट' म्हणत. शेवटी गिटार थांबायची आणि दारावर ठोके पडायचे. आधी जोरात, मग सावकाश, शेवटचा जेमतेम. त्या ठोक्यांसाठी आजची पोरंही तो लावत. इकडची प्रत्येक कॅसेट नांदेडच्या नरसिंगरावांच्या एका कॉपीवरून निघालेली. आज त्यांचाच सत्कार होता.

गिटार थांबली. ठोके आलेच नाहीत.

ठोक्यांसाठी उचललेले हात तसेच हवेत राहिले.

"रेकॉर्ड खराब हाय!"

"खराब नाही," प्रियदर्शनी म्हणाली. कॉलेजात शिकवणाऱ्या ह्या मुलीनं मूळ तबकडी परदेशातून मागवली होती. "ह्यात ठोके नाहीतच. काका, तुम्ही टाकले का?"

नरसिंगरावांचे कान तापले. उभी हयात लोकांनी त्यांना त्या कॅसेटवरून ओळखलं, आणि आता भरल्या सभेत ते खोटे ठरत होते.

शेजारी बसलेला मलप्पा खो खो हसला. हैदराबादहून कॅसेट त्यानंच आणली होती, एका दुपारपुरती. "माझ्या कॅसेटीत बी ठोके नव्हते, नरश्या. मला वाटलं, तूच कलाकारी केलीस."

"अन् इतकी वर्षं गप बसलास?"

"लोकान्ला आवडून राहिलं होतं. कशाला बोलू?"

नरसिंगराव तडक माइकपाशी गेले.

"ऐका. तवा कॉपी कशी व्हायची? दोन टेप समोरासमोर ठेवायचे. एक वाजवायचा, दुसरा भरायचा. खोलीतला खोकला बी भरायचा त्यात. म्हणून मी आतून कडी लावली. माझ्या वडलांना, बापूंना, बजावलं, काय बी झालं तरी हाक मारायची न्हाई. अल्बम मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटी ते ठोके आले अन् अंगावर काटा आला. म्हटलं, वा रे बँड! माझ्या कानानं ऐकलंय मी. खोटं कशाला बोलू?"

टाळ्या पडल्या. प्रियदर्शनीही हसली. "मग काका, दार तुमचंच वाजलं असेल. कुणीतरी आलं असेल घरी."

"कोण येणार? आई अन् बहीण लग्नाला उमरीला गेलेल्या. वाड्याचं मोठं दार बी आतून बंद, बाहेरून यायला दुसरी वाट न्हाई. घरात मी अन् बापू. अन् बापू तर दाराबाहेर उंबऱ्यावर झो..."

ते थांबले.

"काका?"

"कॅसेट संपल्यावर मी कडी काढली," नरसिंगराव म्हणाले, "तर दाराला टेकलेले बापू आत माझ्या पायावर पडले. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले."