चप्पल घालून धर

गाडीच्या दाराच्या दांडीला हात लागला आणि नीलम्मा किंचाळली. हातातला चहाचा कप उडाला, चहा साडीवर सांडला, कप दगडावर फुटला. बोटांपासून खांद्यापर्यंत झणझणून गेलं. बिचारी तशीच चिखलात खाली बसली.

नवरा धावला असेल, असं कुणालाही वाटेल. गुरुलिंगप्पा होते तिथूनच म्हणाले, "चप्पल घालून धर की."

"कपिलधारला दर्शनाला आलेय मी. हितं मी चप्पल घालत न्हाई, ठाऊक न्हाई का तुमाला?"

"मग दांडीला हात लावू नको. दुसरा चहा आन, आन् वरच्या वर दे."

गाडी नवी होती. म्हणजे यांना नवी, पुण्याच्या कुणीतरी वापरून सोडलेली. आत पलंग, ओटा, बेसिन, एसी, चाकांवरचं घरच. बीडच्या कापडदुकानदारांत अशी गाडी कुणाकडं नव्हती, आणि तेवढ्यासाठीच ती घेतली होती. आज आत भगवानराव बसले होते, तालुक्याचे पुढारी. दर्शन करून आले, चपला खाली काढून आत चढले, आणि त्यांना गार वाटावं म्हणून गुरुलिंगप्पांनी मग वायर जोडली.

जोडली कसली, खुपसली. गाडीचा प्लग निळा, मुठीएवढा, तीन जाड पिनांचा. शेजारच्या नारळवाल्याच्या बोर्डात तो कसा बसायचा? मग एका अडॅप्टरवर दुसरा, आणि त्याच्यावर दोन पिनांचा तिसरा. तिसरी पिन अर्थिंगची, तिची वाट तिथंच बंद झाली. आत कुठंतरी गळून गाडीच्या पत्र्यात उतरलेल्या करंटला जमिनीत जायला आता एकच रस्ता उरला, दांडी धरणारा माणूस. त्यांचा मुलगा बसवेश यानं सकाळी दहादा बजावलं होतं, अप्पा, अर्थिंग असल्याशिवाय जोडू नका. अप्पा हसले होते. कालची पोरं आम्हाला शिकवणार!

नीलम्मा दगडाचा आधार घेत उठली. "आधी ती वायर काढा."

"आत सायेब बसलेत. एसी बंद केला तर काय वाटंल त्यांना?"

"आन् मी मेले असते तर काय वाटलं असतं?"

"उगं तमाशा करू नको. जरासं झिणझिणतं. कोण मरतंय त्यानं?"

तेवढ्यात कपिलधारच्या धबधब्याकडून त्यांची सून रुचिका येताना दिसली. केस ओले, पाय अनवाणी. आणि तिच्या पुढं, भिजल्या फ्रॉकमध्ये कुडकुडत, कोरडे कपडे घालायला गाडीकडं पळत सुटलेली नात. नीलम्मा ओरडली.

"रुचिका, धर तिला! गाडीला हात लावू देऊ नको! धर!"

रुचिकानं धावत येऊन पोरीचा दंड पकडला आणि मागं ओढलं. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. दर्शनाला चाललेले लोक थांबून बघायला लागले. गुरुलिंगप्पांना लाज वाटली ती त्या लोकांची.

"कावून बोंबलतीस गं? पोरीला उचलून आत ठेव म्हनावं. तिचा पाय जमिनीला लागला न्हाई की काय बी होत न्हाई."

"आन् उचलणारीचा पाय कुठं असतो?"

गुरुलिंगप्पांनी डोळे वटारले. नीलम्मा तडक नारळवाल्याच्या बोर्डाकडं निघाली. गुरुलिंगप्पांनी मागून तिचं मनगट पकडलं, अजून मुंग्या येत होत्या तेच.

"खबरदार वायरीला हात लावशील तर!"

"सोडा." तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "सोडा म्हनते ना!"

गाडीचं दार आतून ढकललं गेलं. गार हवेचा झोत आला आणि पाठोपाठ भगवानराव.

"झकास हाय बरं का, गुरुलिंगप्पा. बाहेर कसला गोंधळ चाललाय?" असं म्हणत त्यांनी खाली चपला शोधल्या. त्या जरा लांब पडल्या होत्या. उतरावं म्हणून एक हात दांडीकडं गेला, एक अनवाणी पाय चिखलाकडं.

"थांबा!"

गुरुलिंगप्पा असे ओरडले की नारळवाल्याचा कोयता हातातल्या हातात राहिला. "सायेब, उतरू नका! दांडीला हात लावू नका! करंट हाय, मानूस मरंल!"

बायकोचं मनगट सोडून, सुटलेलं पोट सांभाळत ते धावले. तिन्ही अडॅप्टर एका हिसक्यात उपटले. एसी घरघरून बंद पडला. तसेच परत आले, वाकून भगवानरावांच्या चपला उचलल्या, उपरण्यानं पुसल्या आणि पायरीशी ठेवल्या.

"या सायेब, आता बिनघोर उतरा."

भगवानराव उतरले. तोंड पांढरं पडलं होतं. फुटका कप बघितला, नीलम्माची साडी बघितली. "वहिनी, तुमाला तर न्हाई ना बसला?"

नीलम्मानं उत्तर दिलं भगवानरावांना, पण बघत होती नवऱ्याकडं.

"सोमवारी आमच्याकडं जेवायला या, भगवानराव. फ्रिजचं दार तेवढं तुमी उघडा, अनवाणी. लई वर्सं झाली, मी ते चप्पल घालून उघडतेय."