बिनआवाजाचा संच

“हा घ्या मावशी. मातीविना भाजी आणि घरात चिडीचूप. वातीतून पाणी आपोआप मुळांपाशी चढतं, पंपाची भानगडच नाही,” दुकानदार म्हणाला.

कुमुदबाईंनी मान डोलावली. अक्का, त्यांची थोरली बहीण, गेल्यापासून तिची खोली रिकामी पडली होती. तिथं दिवे लावून पालक-मेथी करा, तेवढाच विरंगुळा, असं शेजारणीनं सुचवलं होतं.

“आणि तो कोपऱ्यातला टब हो?”

“त्यात मुळं पाण्यातच असतात, म्हणून पंपानं सतत हवा सोडावी लागते. पण घरासाठी तो कुणी नेत नाही. रात्रंदिवस घरघर. ऐका.” त्यानं बटण दाबलं.

पंप घरघरला आणि पाण्यातून बुडबुडे उठले. अक्काच्या ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज हुबेहूब असाच होता. दीड वर्ष तो घरात घुमत होता. एकदा स्वयंपाकघरात कुमुदबाई वैतागून बोलून गेल्या होत्या, “डोकं उठवलंय मेल्या या घरघरीनं!” अक्कानं ते ऐकलं असावं. दुसऱ्या दिवसापासून ती मधूनमधून मशीन बंद करून बसू लागली. ओठ निळे पडले तरी म्हणायची, “आज मला बरं वाटतंय गं.”

“ऐकलंत ना?” म्हणत दुकानदारानं बटणाकडे हात नेला.

कुमुदबाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

“नको गं बंद करूस. मला नाही होत त्रास आवाजाचा.”