कपाटाची पाठ

टक् असा नाद उमटला आणि मुलगी पाहायला आलेल्या मंडळींचं बोलणं थांबलं. त्र्यंबकरावांनी यजमानांच्या कपाटावरून बोट मागे घेतलं. पत्रा दिसला की वाजवून पाहायचा, ही पोलादी पत्र्याच्या कारखान्यात जडलेली सवय. मुलाचं मागचं स्थळ तिच्यापायीच मोडलं होतं.

“हात मांडीवर ठेवा म्हटलं होतं ना?” पत्नी पुटपुटली.

कपाटं घडवणाऱ्या कारागिराची कन्या शर्वरी चहा ठेवता ठेवता म्हणाली, “दार गुळगुळीत कोल्ड रोल्ड पत्र्याचं आहे, काका. पाठीला बाबांनी गंज न धरणारा जस्ती पत्रा लावलाय. भिंतीला ओल आहे.”

“ओल कशाला सांगतेस?” तिची आई कळवळली.

त्र्यंबकरावांचा चेहरा उजळला. “मला मुलगी पसंत आहे.”

“संसार मुलाला करायचाय, त्याला विचारा,” पत्नी म्हणाली.

परंतु चिरंजीव खुर्चीत नव्हते. ते कपाटामागे डोकावून पत्रा निरखत होते, आणि शर्वरी त्यांना मोबाइलचा उजेड दाखवत होती.