कचरा नावाची फाइल

"मामा, ही फाइल सडलीये," भाची म्हणाली आणि तिने स्क्रीन मामांकडे वळवला.

मामांना हायसं वाटलं आणि त्याच क्षणी दरदरून घामही फुटला. एकाहत्तराव्या वर्षी या दोन गोष्टी एकदम होणं काही बरं नाही.

टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर पोट उघडून पडला होता. जुनी हार्ड डिस्क सोमवारी टकटक करत वारली होती. तिच्या जागी नवी कोरी बसली होती, पण रिकामी. सुदैवाने भाचीने गेल्याच महिन्यात अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे तिचा जसाच्या तसा ठसा, काढून ठेवली होती. त्यात मामांनी रचलेली चारशे बारा शब्दकोडी होती. ती ज्यात उघडतात तो जुनापुराणा प्रोग्रॅमही त्यातच होता आणि तो आता कुठे शोधूनही मिळत नव्हता. म्हणजे सुट्या फाइली उतरवून भागणार नव्हतं, अख्खी इमेजच नव्या डिस्कवर टाकायला हवी होती. प्रकाशक शुक्रवारपर्यंत थांबणार होता. मामांचं हे पहिलं पुस्तक होतं, आणि दुसऱ्याचा भरवसा या वयात कोण देणार?

इमेज टाकण्याआधी तिच्यातली एक फाइल उघडून बघायची, हा भाचीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचा नियम होता. चारशे बारा कोडी सोडून तिने नेमकी 'कचरा' नावाची फाइल उघडली.

"सगळ्यात शेवटी हीच वापरलेली दिसतेय. दुपारी तीन वाजता," ती म्हणाली.

दुपारी तीनला मामा रोज घोरत असतात. पण त्या गडबडीत त्यांना ते सुचलं नाही. ते स्क्रीनकडे बघत होते. तिथे कंस, टिंबं, इंग्रजी अक्षरं आणि अधूनमधून आकडे यांचा नुसता काला झाला होता.

"अगं, तो कचराच आहे. नावच तसं दिलंय मी. दुसरी उघड."

"नाही मामा. एक जरी फाइल अशी निघाली, तरी मी ती इमेज धरत नाही. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वीची एक आहे, ती टाकते."

"दोन वर्षांपूर्वी किती कोडी झाली होती हो?" मामींनी विचारलं. त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. कॉम्प्युटरचे स्क्रू हरवतील म्हणून त्यांनी ते ओंजळीत धरून ठेवले होते.

"नव्वद," मामा पुटपुटले.

फाइल सडलेली नव्हती, ती मामांची हुशारी होती. गेल्या नऊ वर्षांत मामा-मामींचं एकही भांडण झालं नव्हतं. नातेवाईक नव्या जोडप्यांना त्यांचं उदाहरण द्यायचे. मामींचा राग आला की मामा तोंड मिटून कॉम्प्युटरपुढे बसत आणि तक्रार नंबर घालून या फाइलीत लिहीत. मग सगळ्या मजकुराचा फॉन्ट बदलून इंग्रजी करत. की झाला काला! पुन्हा मराठी फॉन्ट दिला की मजकूर आपला जागच्या जागी. कितीही संतापात लिहिलं तरी आपली शुद्धलेखनाची एक चूक होत नाही, याचा त्यांना मोठा अभिमान होता. आणि यादीला गुणही होता. लिहिलेली खोड आठवड्याभरात आपोआप जायची. बाविसावी तेवढी काही केल्या हटत नव्हती.

आता फॉन्ट बदलून दाखवला की इमेज वाचणार, कोडी वाचणार, पुस्तक निघणार. आणि मामीही वाचणार, पहिलीपासून तिसावीपर्यंत. मामांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा मामींच्या ओंजळीतल्या स्क्रूंकडे. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

"मामा, टाकू का जुनी?"

"थांब," मामा म्हणाले. "त्या फाइलचं काय आहे, की..."

पुढे शब्द फुटेना. शब्दकोडी रचणाऱ्या माणसाची ही गत! मामी उठल्या. त्यांनी स्क्रू भाचीच्या हातात दिले, चष्मा नाकावर चढवला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"काही सडलेली नाहीये गं. टाक हीच."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मामा घाईघाईने म्हणाले.

"'एक. नळ नीट बंद करत नाही,'" मामी त्या काल्यावरून बोट फिरवत वाचू लागल्या. "'दोन. माझ्याआधी पेपरची घडी मोडते. तीन. फोनवर ओरडून बोलते.'"

भाचीने आ वासला. "मामी, हे वाचता येतं तुला?"

"एकतीस वर्षं कचेरीत मराठी टायपिंग केलंय मी. फॉन्ट बदलला तरी बटणं तीच राहतात. कुठल्या बटणाला कुठलं अक्षर, हे मी झोपेतही सांगेन." त्या मामांकडे वळल्या. "आणि तुम्हाला टायपिंग शिकवलं कोणी?"

मामा बोटांवर मोजू लागले. नळ, घडी, फोन. एकेक खोड कशी गेली ते आता त्यांना उमगत होतं. त्यांना भयंकर लाज वाटली, आणि लाजेहून जास्त माया दाटून आली.

"सगळ्या वाचल्यास?" त्यांनी हळूच विचारलं.

"तीसच्या तीस. जमल्या तेवढ्या सोडल्या."

"मग बाविसावी?"

मामींचं बोट भराभर खाली सरकलं आणि थांबलं.

"'दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसते आणि वर कबूल करत नाही,'" त्यांनी वाचलं, आणि चष्मा काढून पदराने पुसला. "यातला 'आणि' तुम्ही दीर्घ लिहिला होतात. तो मी ऱ्हस्व केला."