सूनमुख

दमयंतीबाईंनी चांदीच्या मुठीचा आरसा हाती घेतला आणि साऱ्या मांडवाला ठाऊक होते तेच झाले. सूनमुख पाहायचे सोडून त्या नवऱ्यामागेही हौसेने घातलेली आपलीच नथ सरळ करू लागल्या.

"वहिनी, आरसा सुनेचं तोंड पाहायला दिलाय हो!" नणंदेने टोला हाणला.

"आधी सासू दिसू दे, मग सून." हशा पिकला.

त्यांनी आरसा कलता केला. त्यात डावीकडची सून दिसली आणि उजवीकडचा लेकही. हेरंबचे डोळे वाहत होते. वडील गेले त्या दिवशी दमयंतीबाईंनी त्याला बजावले होते, "पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय? लोक माझ्याकडे बघताहेत." त्यानंतर तो कधीच रडला नव्हता.

"होमाचा धूर डोळ्यांत गेला, आई," तो घाईने म्हणाला.

"धूर नाही, बाबांची आठवण आहे," सून शांतपणे म्हणाली आणि भर मांडवात तिने शालूच्या पदराने त्याचे डोळे टिपले.

सारे सासूच्या तोंडाकडे पाहू लागले. दमयंतीबाईंनी आरसा पालथा ठेवला, रिवाजाची साखर सुनेच्या मुखी घातली आणि म्हणाल्या, "सूनमुख पाहायला बसले, आणि लेकाचं मुख तू दाखवलंस. तुझे उपकार कसे फेडू, पोरी?" मग त्यांनी हेरंबला छातीशी ओढले.

"काकू, नथ वाकडी झाली," फोटोग्राफर म्हणाला.

"राहू दे वाकडी," त्या कडाडल्या. "आधी माझ्या लेकाला पोटभर रडू दे."